क्लीटच्या मापाची सीट

व्हर्ना टॅकेटने आयुष्यात ज्यांना मारले, त्यांतल्या बहुतेकांवर तिचा राग नव्हता. राग आला की ती गप्प होई आणि लोखंड कापायला घेई. मारणे ही टॅकेटांच्या घरात बोलण्याचीच एक रीत होती. बाप ओरिन खाणीतली यंत्रे दुरुस्त करी. एखादा जोड कच्चा निघाला की तो आधी त्या तुकड्याला हातोडी घाली आणि मग ज्याने तो जोडला त्याच्याकडे वळे. व्हर्नाची डावी करंगळी अशाच एका दुपारी कायमची वाकडी झाली. तो जोड तिचा नव्हता, धाकट्या भावाचा, क्लीटचा होता. क्लीट मार खाताना रडे आणि ते रडणे तिला ऐकवत नसे, म्हणून त्याचे कच्चे जोड ती आपल्या नावावर घेई. क्लीटला हे माहीत होते. त्याने ते कधी बोलून दाखवले नाही, आणि तिनेही नाही.

बाप गेल्यावर गावाबाहेरची पत्र्याची शेड तिच्याकडे आली. मध्येच एक नवरा येऊन गेला. एका रविवारी त्याने तिच्यावर हात उचलला आणि सोमवारी तो तारांनी बांधलेल्या जबड्याने रीनोच्या बसमध्ये बसला. नेवाडाच्या त्या भागात माणसे कमी आणि अंतरे फार, त्यामुळे माणसाची किंमत त्याच्या ट्रकवरून ठरते, आणि ट्रकबद्दल गावात दोन पंथ आहेत. कारखान्यातूनच वाळवंटासाठी सजून आलेला ट्रक घेणारे एका बाजूला, आणि त्याच ट्रकचा सगळ्यांत उघडाबोडका, हाताने काच फिरवायचा नमुना आणून स्वतः घडवणारे दुसऱ्या बाजूला. या वादात चर्चच्या पायऱ्यांवर नाके फुटलेली आहेत. व्हर्ना दुसऱ्या पंथाची मुख्य पुजारीण होती.

क्लीटसाठी तिने असाच एक उघडाबोडका ट्रक आणला आणि दोन हिवाळे त्यावर घालवले. मूळच्या स्प्रिंगा काढून लांब बसवल्या, पोटाखाली पोलादी पत्रा लावला, मागच्या सांगाड्याला ओढकामाचा हूक स्वतःच्या हाताने जोडला. शेवटी सीट. मागेपुढे सरकणारी सीट खडकावर खिळखिळी होते असे तिचे मत होते. म्हणून तिने क्लीटला ट्रकात एका खोक्यावर बसवले, त्याच्या पाठीचे, मानेचे, डोक्याचे माप घेतले आणि त्या मापाची, उंच पाठीची सीट तळालगत कायमची ठोकून टाकली. क्लीट तिच्यापेक्षा चांगला हातभर उंच होता.

त्यानंतरच्या शरद ऋतूत क्लीट पेट्रोल पंपावर आला तो कारखान्याच्या नारिंगी ट्रकातून.

व्हर्ना तिथेच उभी होती. तिने ट्रकाभोवती एक फेरी मारली.

“हे काय आणलंस?”

“दिसतंय की. ट्रक आहे.”

“तुझा ट्रक माझ्या शेडमध्ये उभा आहे, क्लीट.”

“तो तुझा ट्रक आहे. मी फक्त त्यात बसणार होतो.”

“ह्याचे जोड कुणी मारलेत? आहे माहीत?”

“नाही. तेच तर बरं आहे,” क्लीट म्हणाला. “ह्यातलं काही मोडलं तर मला कुणाचं तोंड बघायला नको, आणि माझ्याऐवजी कुणाला मार खायला नको.”

इतक्या वर्षांत ती गोष्ट पहिल्यांदा शब्दांत आली होती, आणि तीही पंपावर, चारचौघांत. व्हर्नाने त्याच्या दाराचा आरसा लाथेने उखडला. क्लीटने तिची कॉलर धरली. तिने डोक्याने त्याचे नाक फोडले, आणि मग क्लीटने, ज्याने तोवर बहिणीवर कधी हात टाकला नव्हता, मूठ आवळून तिच्या तोंडावर मारली. तिचा पुढचा दात सिमेंटवर पडला. दोघे पंपांच्या मधोमध एकमेकांना लोळवत राहिले. अखेर पंपाचा मालक, एकेकाळी युरोपातून मेंढ्या राखायला आलेला म्हातारा बास्क पेयो एचेबेरी, काचा धुण्याच्या पाण्याची बादली घेऊन आला आणि त्याने ती दोघांवर ओतली.

“जनावरं बरी,” तो म्हणाला. “ती निदान ट्रकावरून भांडत नाहीत.”

त्यानंतर बहीणभावात बोलणे राहिले नाही. व्हर्ना तो ट्रक स्वतःच चालवू लागली. सीट तिला मोठी होई. पाठीमागे घोड्याची जाड घोंगडी घडी करून ठेवावी, तेव्हा कुठे तिचे पाय पोचत. सीटची वरची कड तिच्या डोक्याच्या वर उभी राही. सीट कापून बसवणे तिच्यासारखीला सकाळभराचे काम होते. तिने ते केले नाही. तो परत येईल आणि त्यात बसेल, एवढे एकच ती मनात धरून होती, आणि ते कुणी विचारले असते तर त्याचेही दात पडले असते.

वसंतात गावचे ट्रक कोरड्या तळ्यावरून शर्यतीने पलीकडे जातात. तळ्याची वरची साय बिस्किटासारखी कडक असते आणि खाली हिवाळ्याचा चिखल असतो. जो रुततो त्याला सर्वांत जवळच्या ट्रकाने ओढून काढायचे. निघालेल्याने आपल्या ट्रकाच्या मागच्या फळीवरचे कंपनीचे पत्र्याचे नाव स्वतः उचकटून ओढणाऱ्याला द्यायचे. ते मग पेयोच्या पंपावरच्या भिंतीला ठोकले जाते. आणि दोर बांधला गेला की तो दोघांचा मामला. तिसऱ्याने तोंड उघडायचे नाही.

त्या वर्षी नारिंगी ट्रक तळ्याच्या मध्यावर नाक खाली घालून बसला. सर्वांत जवळ व्हर्ना होती.

तिने आपला ट्रक उलटा घेतला आणि दोन्ही ट्रकांच्या पाठी समोरासमोर आणल्या. खाली उतरून तिने रबरासारखा ताणला जाणारा जाड दोर आपल्या हुकात अडकवला आणि दुसरे टोक क्लीटच्या अंगावर फेकले. त्याचे पुढचे हूक चिखलात गडप होते. मागे ट्रेलर जोडायचा पोलादी गोळा तेवढा वर दिसत होता. गोळ्याची दांडी तिच्या नळीतून उपसून त्या पोकळीत दोर खिळीने अडकवायचा, हे तिथले शेंबडे पोरही सांगेल. पण चोरांच्या भीतीने क्लीटने दांडीला कुलूप लावले होते आणि किल्ली घरी होती.

“तासभर खण,” व्हर्ना म्हणाली. “पुढचे हूक मोकळे होतील.”

“सगळं गाव बघतंय. ओढ आता.”

“गोळ्याला दोर लावत नसतात. बापाने काय शिकवलं होतं?”

“बापाने मला काहीच शिकवलं नाही. शिकवलं ते तुला.” क्लीटने दोराचा फास गोळ्यावर चढवला. “तुझं डकवलेलं आधी सुटेल की माझं कारखान्यातलं, ते तरी कळू दे सगळ्यांना. का घाबरलीस?”

पेयोने तोंड उघडले आणि रिवाज आठवून मिटले. तो सगळ्यांना हातांनी मागे ढकलत दूर गेला.

व्हर्नाला गोळा दिसत होता. तो तुटला तर कुठे येईल, हेही तिला ठाऊक होते. ती ट्रकात चढली, घोंगडीला पाठ लावली, आणि त्या क्षणी तिच्या मनात आपल्या हुकाचा जोड सोडून काहीही नव्हते. तिने क्लच सोडला.

दोर ताणला गेला, एक क्षण गायल्यासारखा वाजला, आणि हूक टिकला. गोळा देठातून तुटला. तो मागच्या काचेतून आत आला, सीटची वरची कड त्याने हाडासारखी फोडली, आणि पुढच्या काचेतून तो तळ्यावर कितीतरी लांब उसळत गेला. सीटच्या पोलादाची एक कपची व्हर्नाच्या उजव्या कानाचा वरचा भाग आणि कपाळाची कातडी घेऊन गेली.

क्लीट चिखलातून पडत, उठत आला. त्याने दार उघडले तेव्हा ती स्टिअरिंगवर ओणवी होती आणि रक्त घोंगडीवर गळत होते.

“व्हर्न? ए व्हर्न, बोल ना काहीतरी. शिवी दे.”

ती उतरली. ट्रकाच्या हौद्यातून तिने फावडे काढले आणि सपाट बाजूने त्याच्या डाव्या खांद्यावर घातले. हाड मोडल्याचा आवाज उभ्या लोकांना ऐकू आला. क्लीटने हात वर केला नाही. तिने त्याच्या मांडीवर मारले, तो गुडघ्यावर आला. पाठीवर मारले, तो तसाच राहिला. मग तिचे डोळे रक्ताने भरले. पुढचा घाव चिखलात गेला आणि फावडे तिथेच उभे राहिले.

क्लीट उठला. आपल्या ट्रकाकडे जाऊन त्याने धड हाताने, पान्याच्या टोकाने फळीवरचे नाव उचकटले आणि तिच्यासमोर धरले.

“घे.”

“निघालाय का तुझा ट्रक?”

“नाही.”

“मग कशाचं देतोस?” तिने ते त्याच्या हातातून हिसकावून चिखलात फेकले. “ओढून निघाला तर द्यायचं. रिवाज आहे.”

ती पाय टाकायला गेली आणि ट्रकाच्या चाकावर आदळली. क्लीटने तिला धरून बाजूच्या सीटवर बसवले, घोंगडीचा बोळा तिच्या कानावर दाबला आणि स्वतः चालकाच्या बाजूने चढला. काच नव्हती, पण सीट त्याच्या पाठीला बरोबर बसली. पायही आपोआप पेडलवर पोचले. त्याने सवयीने डोके मागे टेकायला नेले आणि ते टेकले नाही. जिथे त्याच्या डोक्याची जागा ठोकलेली होती तिथे फाटलेले पोलाद होते आणि त्यातून वारा येत होता.

त्याने हात मागे नेऊन त्या भोकाच्या कडा चाचपल्या. बराच वेळ चाचपल्या.

“कारखान्याच्या मापाची उंच बैठक असती तर,” व्हर्ना डोळे मिटून म्हणाली, “माझं डोकं नेमकं तिथे असतं. तुझ्या मापाची होती म्हणून मी खाली राहिले. आता चालव. नाहीतर मी मरेन आणि तुला ट्रक ठेवावा लागेल.”

“गिअर टाकायला हात नाही. खांदा मोडलायस तू.”

“मोडायचाच होता.”

तिने डावा हात पुढे करून वाकड्या करंगळीसकट गिअरचा दांडा धरला. क्लीटने उजव्या हाताने स्टिअरिंग पकडले आणि क्लच दाबला. तिने पहिला टाकला. त्याने पुन्हा दाबला, तिने दुसरा टाकला. ट्रक तळ्याच्या सायीवरून हॉस्पिटलच्या रस्त्याला लागला, दोर मागे हुकाला तसाच फरपटत होता, आणि मधे एकदा दांडा कुरकुरला तेव्हा ती म्हणाली, “पूर्ण दाब, गाढवा.” तो म्हणाला, “दाबतोय.”