दगडाची वरची बाजू

कोरेगावच्या डोंगरावर दगडांचे नमुने घ्यायला जातो तेव्हा एक म्हातारे गवंडी मदतीला माझ्यासोबत असतात. उभी हयात त्यांनी कुंडलकडं विहिरी खोदल्या. हातोडी मारण्याआधी दगडाला तळहात लावतात आणि "व्हय, हाय हाय" असं स्वतःशीच पुटपुटतात.

हा लाव्हा थिजला तेव्हा आपला भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. त्या वेळची चुंबकीय उत्तरेची दिशा दगडातल्या लोहकणांनी अजून धरून ठेवली आहे. म्हणून दगड काढण्याआधी त्यावर वरची बाजू दाखवणारा बाण काढायचा, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवतो. एकदा मीच विसरलो. दगड निघून हातात आल्यावर अंदाजानं बाण काढला.

"आवं सर, ह्यो उलटा झाला," ते हळूच म्हणाले. "फोड वरच्या अंगाला अस्त्यात. भाकरी फुगती तसं."

विद्यार्थी बघत होते. "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" मी खेकसलो. त्यांनी दगड पिशवीत ठेवला.

प्रयोगशाळेत कापला, तर वायूचे सगळे फुगे माझ्या बाणाच्या शेपटीकडं गोळा झालेले. मी तो नमुना गुपचूप फेकून दिला. ना विद्यार्थ्यांना सांगितलं, ना त्यांना.

पुढच्या खेपेला ते नेहमीसारखे आले. उलट्या-सुलट्याबद्दल आता अवाक्षर काढत नाहीत. फक्त दगड सुटायच्या आधी खिशातला खडू माझ्या हातात ठेवतात, आणि मी बाण काढेपर्यंत दुसरीकडं बघत राहतात.