जीप भरेपर्यंतचा वेळ

मखमलाबादला झेंडू पिकवणाऱ्या सावळीरामची थोरली लेक चांगुणा. नाव आजीचं, त्यामुळे कॉम्प्युटर क्लासातली पोरं "काय चांगुणाबाई, चूल पेटली का?" म्हणून खिदळायची. ती मान वर न करता टाइप करत राहायची. दोन हजार सात साली ती नाशकातल्या एका छोट्या संस्थेत वेबसाइट बनवायची.

संस्थेतल्या डॉ. महेशनी एक एक्सेल शीट केलं होतं. पेठकडच्या नऊ आरोग्य केंद्रांत सापाच्या विषावरचं इंजेक्शन ठेवलं, तर खर्च किती आणि जीव किती वाचतील, ते त्यात निघायचं. आदल्या वर्षी जिल्हा परिषदेच्या बैठकीत आरोग्य खात्याच्या साहेबांनी ते पडद्यावर पाहिलं, डोळे चोळले आणि "पुढच्या वर्षी बघू" म्हणाले. त्या पावसाळ्यात पेठकडं साप चावलेली सहा माणसं दवाखान्याच्या वाटेतच गेली.

"यंदा साहेबांच्याच हातात माउस देऊ," चांगुणा म्हणाली. "आकडा त्यांनी बदलायचा, उत्तर तिथंच दिसलं पाहिजे."

दोन महिने खपून तिनं सगळी सूत्रं वेब पेजमध्ये उतरवली. वर आकडे टाकायचे चौकोन, खाली एक पट्टी वाचणाऱ्या जिवांची आणि एकेक पट्टी प्रत्येक केंद्राची, इंजेक्शन ठेवणं परवडलं तर हिरवी, नाहीतर लाल. पण पेज चालू झालं आणि भलतंच दिसलं. नऊ केंद्रांत इंजेक्शन ठेवून जास्तीचा जीव वाचत होता फक्त एक! कारण पेजच्या हिशेबानं लांबचा पाडासुद्धा तालुक्याच्या दवाखान्यापासून चाळीस मिनिटांवर, आणि तिथं इंजेक्शन होतंच.

ती लॅपटॉप घेऊन पेठला गेली. तिथल्या नर्स नवसाबाई पेज बघून हसल्याच.

"चाळीस मिंटं? ताई, तुमचा कंप्युटर कधी जीपमधी बसलाय का?"

"का हो?"

"शिटा भरल्याबिगर जीप हालत नाय. मागं दोघं लटकले का मग डायवर चावी फिरवतो. एकट्या पेशंटला सगळी जीप करायची ऐपत कोणाची हाय? बसत्यात मग वाट बघत."

डॉक्टरांनी किलोमीटरला वेगानं भागलं होतं. ते फोनवर म्हणाले, "जीप भरायचा वेळ कुठल्या पुस्तकात मिळणार?"

"पुस्तकात नाय, स्टँडवर मिळेल," चांगुणा म्हणाली.

आठ दिवस चांगुणा आणि नवसाबाई घड्याळ घेऊन पाच स्टँडांवर बसल्या. ड्रायव्हर चिडवायचे, "बाई, तुम्ही दोघी बसल्या का दोन शिटा भरतील!" सरासरी निघाली एकशे दहा मिनिटं. पेजवर जीप भरायच्या वेळेचा एक चौकोन वाढला.

बैठकीत साहेबांनी त्यात मुद्दाम शून्य टाकलं. वाचणाऱ्या जिवांची पट्टी एकावर बसली. एकशे दहा टाकलं, पट्टी सरळ पाचावर.

"हे आकडे कोणाचे?"

चांगुणानं वही पुढं केली. तारीख, स्टँड, जीप लागली कधी, सुटली कधी. साहेबांनी चार-पाच पानं उलटली.

"फार होतं हे. मी एक तासच धरणार."

"धरा ना, साहेब. तुम्हीच टाका."

त्यांनी साठ टाकलं. तरी सगळ्यात लांबची चार केंद्रं हिरवीच राहिली. ते बाजूच्या कारकुनाला म्हणाले, "चार केंद्रांचं लिहा. भातलावणीच्या आधी माल पोचला पाहिजे."

बाहेर डॉक्टर खुशीत चहा सांगायला निघाले. चांगुणानं तोवर नवसाबाईंना फोन लावला होता.

"चार मिळाली, बाई. पाच ऱ्हायली. जुलैत परत मोजायला बसू. पावसात जीप भरायला किती लागतं, तेही साहेबांना टाकून बघू द्या."