दहाव्याचा चहा

चहा कशाशी खातात हे आमच्या गावाला ठाऊक नव्हतं, तेव्हा धाडच्या बाजारात एक गाडी आली. गाडीवर पितळेचं मोठं भांडं, खाली निखारे, आणि एक टोपीवाला ओरडत होता, ‘प्या, फुकट प्या!’ कुठल्याशा कंपनीनं लोकांना सवय लावायला त्याला पाठवलं होतं. फुकट म्हटल्यावर आम्ही नवराबायको उभे राहिलो. मी एक घोट घेतला आणि थुंकून टाकला. अंगात ताप नसताना काढा कोण पितो? बायकोनं मात्र कप रिकामा केला, पदर नाकापर्यंत ओढला, बाजाराला वळसा घातला आणि पुन्हा येऊन उभी राहिली.

‘बाई, तुम्ही आत्ताच घेतला ना?’ टोपीवाला म्हणाला.

‘ते माही बहीन व्हती,’ ही म्हणाली.

थोड्या वेळानं आणखी एक बहीण जाऊन आली. परतताना मला म्हणते, ‘उद्यापासून घरी करतो.’ मी म्हटलं, ‘तुले येते का?’ तर म्हणे, ‘उकळाचंच आहे ना, त्यात काय येनं-जानं?’

तसं येणं-जाणं पुष्कळ होतं. पहिल्या दिवशी तिनं दूध, पाणी, गूळ, पत्ती सगळं एकदमच चुलीवर ठेवलं. गुळानं दूध फाटलं. वर चोथा, खाली पाणी. कुत्रंही वास घेऊन निघून गेलं. मग तिनंच शोध लावला की गुळाचं पाणी आधी पत्ती घालून उकळायचं, भांडं खाली उतरवायचं, आणि तापवलेलं दूध मग सोडायचं. तो चहा मी प्यायलो, तसाच करायलाही शिकलो, आणि आजपर्यंत तसाच पितो. गुळाचा, काळाकुट्ट, घशाला चटका देणारा. बाकीचे चहा मी चहात धरत नाही.

आमच्या नात्यात मात्र प्रत्येकाचं वेगळं तंत्र. उंद्रीचा माझा साळा, म्हणजे तिचा भाऊ, चहात पाण्याचा थेंब पडू देत नसे. सगळं म्हशीचं दूध, त्यात ठेचलेलं आलं, वर बोटभर साय. मी त्याला म्हणायचो, ‘हे चहा नाई बे, हे बासुंदी आहे. संग पुऱ्या दे.’ रोहिणखेडची साळी चहात विलायची आणि दालचिनी घालायची आणि निखाऱ्यावर असा मंद शिजवायची की पाहुणा वाट पाहून झोपी जावा. ते ती तिथल्या मुसलमान शेजारणीकडून शिकली होती. आणि आमचा मुलगा बुलढाण्याच्या कचेरीत चपराशी लागल्यापासून साहेबी चहा करी. पत्तीवर कढत पाणी ओतायचं, झाकण घालायचं, दूध वेगळं, साखर वेगळी. साखर तेव्हा कार्डावर मिळायची, पण याचा थाट पाहावा. त्या चहाला मी आजाऱ्याचं पाणी म्हणतो.

बायको मात्र सगळ्यांकडचा चहा प्यायची आणि सगळ्यांना तेच सांगायची, ‘असा चहा कोनाच्या हातचा नाई.’ भावाला तेच, बहिणीला तेच, पोराला तेच. मलाही तेच.

खरं तिला काय आवडायचं ते मला एकट्याला माहीत होतं. शिळी ज्वारीची भाकर. बशीत चहा ओतायचा, कुणाचाही चालेल, त्यात भाकर चुरायची आणि बोटांनी खायची. पण एकदा भाचीला बघायला पाहुणे आले असताना हिला तसं खाताना त्यांच्यातल्या एका बाईनं पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, ‘यायच्या घरी कालवन नाई शिजत वाटते. भाकरीसंग चहाच!’ सगळे हसले. ही घरी येऊन रडली नाही, पण चुलीवर माझा हात ठेवून शपथ घातली. ‘कोनापाशी बोलान त पाहा.’ तेव्हापासून ती दाराकडं पाठ करून खायची. मी स्वयंपाकघरात शिरण्याआधी बाहेरूनच खोकायचो, म्हणजे ती बशी पदराखाली घेई. मला माहीत होतं हे तिलाही माहीत होतं. तरी खोकायचं. तो आमचा रिवाज होता.

मी आयुष्यात कुठलीच गोष्ट पोटात ठेवली नाही. जावयाला तोंडावर आळशी म्हटलं, पाटलाला तोंडावर लबाड म्हटलं. पण हे बोललो नाही.

मग ती गेली. दहाव्याला सगळे नदीवर जमलो. विधी सांगायला महाराज होते. मुलानं पिंड ठेवला, हात जोडून मागं सरकला. समोरच्या बाभळीवर पाच-सहा कावळे. एकही हलेना.

‘माय, तुही गाय इकनार नाई,’ मुलगा म्हणाला. कावळे पंख साफ करत बसले.

‘दरसाली तुह्या नावानं लुगडं देईन,’ साळा म्हणाला. एक कावळा उडाला, पण दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला.

मला धाकधूक होऊ लागली. हसायचं असेल त्यानं हसावं. पण कावळा शिवला नाही म्हणजे जीव अडकला, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. महाराज ऊन बघत म्हणाले, ‘आता दर्भाचा कावळा करून शिववू या. शास्त्रात आहे तसं.’ म्हणजे गवताचा कावळा. जिला गूळ जरासा खराब निघाला तरी चालत नसे, तिला गवताचा कावळा?

‘थांबा महाराज,’ साळी म्हणाली, ‘तिले चहा पायजे. दहा दिस घोट नाई तिच्या पोटात.’

हे सगळ्यांना पटलं. चहाचं सामान सोबत होतंच. सुतकातही आमच्याकडं चहा सुटत नाही. पण कोणाचा चहा? तिथं जुंपली.

‘तिले माहाच आवडे, विलायचीचा. तिनं सोताच्या तोंडानं सांगतलं मले!’

‘तुले बरं वाटावं म्हनून म्हने ते. माह्या घरी सायीसकट पेत व्हती.’

‘मामा, मावशी, माय माह्याच चहाले चांगला म्हने. काऊन भांडून राह्यले?’

तीन-तीन दगडांच्या तीन चुली मांडल्या. नदीकाठी दहावा आहे की जत्रा, कळेना. महाराजांनी तिन्ही चहा चाखून पाहिले आणि शास्त्राची काही हरकत नाही म्हणाले. तीन बशा पिंडाशेजारी ठेवल्या. कावळ्यांनी माना वाकड्या करून पाहिलं, बस. महाराजांनी दर्भाची काडी उचलली.

सकाळी निघताना मी उपरण्यात शिळी भाकर बांधून घेतली होती. मला तिचं माहीतच होतं. पण चार माणसांत ती काढली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं, आणि मला खोटं सांगता येत नाही. म्हणून बसून होतो. ती काडी पाहिली आणि उठलो. एका रिकाम्या बशीत तिन्ही भांड्यांतला थोडाथोडा चहा ओतला, कोणाचा राग नको. सगळ्यांकडं पाठ करून खाली बसलो आणि भाकर चुरली.

‘बाबा!’ मुलगा ओरडला. ‘हे काय करून राह्यले?’

‘भूक लागली मले,’ मी म्हटलं. भूक लागलीही होती, खोटं नव्हतं.

‘भाऊजी, आजच्या दिवशी तरी!’ साळी कपाळावर हात मारून म्हणाली. ‘आन चहात भाकर? माह्या बहिनीनं कसा काढला असंन जनम या मानसासंग!’

मी बशी पिंडाजवळ टेकवली आणि बाजूला झालो. पहिला कावळा बशीवर उतरला. भाकरीचा तुकडा घेतला, मग पिंडाला चोच लावली. मागून बाकीचे आले. मी बोडक्या डोक्यानं उन्हात उभा होतो आणि रडत होतो, म्हणून तिघांचं भांडण मला नीट ऐकू आलं नाही. बशीत आपलाच चहा जास्त होता, असं प्रत्येकाचं म्हणणं होतं. ते अजून मिटलेलं नाही.

तेव्हापासून नात्यात मी ‘चहा-भाकरवाला म्हातारा’. लग्नाकार्यात पोरंटोरं मुद्दाम बशी आणून विचारतात, ‘आजोबा, भाकर आनू का?’ आण म्हणतो. बोलणार नाही अशी शपथ होती, ती मी पाळली. लिहिणार नाही असं मी कुठं म्हणालो होतो? आणि ज्या बाईनं तिचं हसं केलं ती आता वाचो की न वाचो.

आता चहा सून करते. गुळाचा, माझ्या पद्धतीनं, बरा करते. पण मी स्वयंपाकघरात जाण्याआधी दाराशी थांबतो आणि खोकतो. आत कोणी नसलं तरी.

काल सून म्हणाली, ‘मामाजी, किती दिसाचा खोकला आहे. औषध आनाले सांगू का?’

‘राहू दे,’ म्हटलं. ‘हा जुना आहे.’