शनिवारच्या सेन्सेई

आमच्या चित्रकलेच्या क्लासचे किस्से म्हणजे रविवारचं धुणं. एक वाळत घालावा, तर चार भिजत पडलेले! परवा शिरीष घरी आला होता. चहा होईपर्यंत म्हणून आम्ही सुरू केलं आणि जेवणाची वेळ झाली. तेव्हा म्हटलं, थोडे तरी सांगून मोकळं व्हावं.

आधी माणसं सांगते. मी तेव्हा सिंगापूरच्या तांजोंग पगार भागात, एका ऑफिसात अकाउंट्समध्ये होते. शिरीष पुण्याचा, आयटीत मॅनेजर. आणि आमच्या सेन्सेई, म्हणजे गुरुजीच म्हणा, हारुकोबाई. क्योतोमध्ये जुन्या जपानी पद्धतीची चित्रकला शिकल्या, नवऱ्याच्या नोकरीपायी सिंगापूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये दर शनिवारी सकाळी आम्हाला शिकवायच्या. वय अडुसष्ट. चित्रं ढीगभर, पण स्वतःचं एकटीचं प्रदर्शन एकही नाही! "एकदा तरी चारही भिंती माझ्या," असं म्हणायच्या. आम्हाला ते अवघडच वाटायचं. त्यांना मात्र होणार याची खात्रीच होती.

* * *

पहिला दिवस. दगड कुटून केलेली निळी पूड बशीत घ्यायची, रंग कागदाला चिकटावा म्हणून त्यात कोमट सरस घालायचा आणि बोटानं मळत बसायचं. मळा, मळा आणि मळा. तासभर झाला तरी ब्रशचं नाव नाही! शिरीषला ऑफिसची सवय. त्यानं हात वर केला.

"सेन्सेई, पेंटिंग नक्की कधी सुरू होणार?"

"चालूच आहे की," सेन्सेई म्हणाल्या. "कागदावरचं काय, ते किरकोळ काम."

* * *

पुढच्या शनिवारी शिरीषनं सहज विचारलं, सरस कशाचा असतो? सेन्सेईंनीही सहज सांगितलं, "हरणाच्या कातड्याचा."

झालं! शिरीष एरवी चिकन राइसवर आडवा हात मारणारा, पण शनिवार म्हणजे मारुतीचा कडक उपास. बोट बशीवर तसंच अधांतरी. "सेन्सेई, आज नाही जमणार. शनिवार आहे."

मला वाटलं, आता याला बाहेरचा रस्ता. पण सेन्सेईंनी एवढंच विचारलं, "देवाचं आहे?"

"हो."

"मग बरोबर आहे. शनिवारी तू पेन्सिल घे."

अहो, पण क्लासच शनिवारी! आम्ही रंगात माखलेले आणि हा बिचारा वर्षभर कोपऱ्यात पेन्सिलनं झाडं काढतोय. वर्षानं पाहिलं तर आमच्यात सगळ्यात देखणी रेषा कुणाची? शिरीषची! वर भाव खायला लागला तो वेगळाच.

सेन्सेई म्हणाल्या, "आमच्या गुरूंना हे सुचलं नाही. आमच्याकडूनही असा उपास करून घ्यायला हवा होता!"

* * *

हे गुरू म्हणजे अवघड प्रकरण होतं. त्यांच्याकडे सेन्सेईंनी कित्येक वर्षं नुसत्या रंगाच्या बशा धुतल्या. कौतुक नाही, रागावणंही नाही. एकदा मात्र गुरू सेन्सेईंच्या चित्रापुढे थांबले, "हं" म्हणाले आणि निघून गेले.

सेन्सेई धावत घरी गेल्या. आईला सांगितलं, तर आईनं सणाला करतात तो लाल भात केला!

"एका 'हं'साठी?" मी विचारलं.

शिरीष म्हणाला, "तू हसू नकोस. माझ्या बाबांचा 'हं' अजून यायचाय." आमच्या घरी तरी कुठे निराळं होतं!

* * *

माझ्या ऑफिसजवळच्या एका शॉपहाउसमध्ये, म्हणजे खाली दुकान, वर घर अशा जुन्या इमारतीत, एक गॅलरी होती. लंच टाइममध्ये मी सेन्सेईंना तिथे घेऊन गेले. बोलताना इथलं 'लाह' शेपूट जोडणाऱ्या तिथल्या क्युरेटर पोरानं चित्रं भराभर उलटली.

"छान आहेत, आंटी, पण टू ट्रॅडिशनल लाह! काही कंटेम्पररी आहे का?"

सेन्सेई शांतपणे म्हणाल्या, "मी अजून जिवंत आहे. चालेल?"

पोरगा असा काही ओशाळला! पण गडी मनाचा चांगला. काही महिन्यांनी आपणहून मरीन परेडला आला. तेव्हा सेन्सेईंचं मोठं काम चालू होतं. घडी घालून उभा करायचा सहा पानांचा कागदी पडदा जमिनीवर आडवा, त्याच्यावर फळी टाकलेली आणि फळीवर वाकून बसलेल्या सेन्सेई. चित्रात खिडकीसमोरचं रेन ट्री आणि फांदीवर एक पांढराशुभ्र बगळा. पोरगा बूट काढून भिंतीला टेकला तो जेवणाची वेळ टळली तरी उठेना.

जाताना एवढंच बोलला, "ओके लाह, आंटी. चारही भिंती."

त्या दिवशी मी रडले. सेन्सेईंनी माझ्या हातात बशा दिल्या, धुवायला.

* * *

उद्घाटनाची सकाळ. आमंत्रणाच्या कार्डावर तोच बगळा छापलेला. आम्ही गॅलरीत शिरलो आणि पाहतो तर काय! एसीच्या कोरड्या हवेनं पांढरा रंग तडकला होता, बगळ्याच्या मानेचे पोपडे जमिनीवर! तासाभरात पाहुणे येणार. उद्घाटनाला एका बँकेचे बडे साहेब.

क्युरेटर म्हणाला, "लाइट कमी करतो, कोणाला कळणार नाही लाह!"

शिरीष म्हणाला, "सेन्सेई, तेवढाच पॅच मारू या."

सेन्सेई म्हणाल्या, "पडदा आडवा करा."

मग त्यांनी रुंद ब्रश घेतला, साध्या पाण्यात बुडवला आणि बगळा पुसायला सुरुवात केली. मी त्यांचा हातच धरला. "अहो सेन्सेई, हे काय करताय? दोन वर्षांचं काम आहे!"

"म्हणूनच," त्या म्हणाल्या आणि हात सोडवून घेतला.

पंख गेले, चोच गेली, पाय गेले. क्युरेटर डोकं धरून जिन्यात जाऊन बसला. पडद्यावर राहिली ती फिकट पांढरी धूसर जागा आणि ओझ्यानं किंचित वाकलेली फांदी.

साहेब जरा उशिराच आले. सगळी चित्रं पाहून पडद्यापुढे थांबले. हातातलं कार्ड पाहिलं, पडदा पाहिला, परत कार्ड पाहिलं.

"इथे एक बगळा होता ना?"

सेन्सेईंनी कमरेत वाकून नमस्कार केला.

"होता. तुमची वाट पाहून आत्ताच उडाला."