कोचच्या वाटणीच्या शिव्या

नाखवा मला भरपूर शिव्या देत, पण त्या माझ्यासाठी नसत. बहरीनमधल्या एका फुटबॉल क्लबची बस ते चालवायचे आणि त्या क्लबच्या कोचवर त्यांचा विलक्षण राग होता. राग काढायची सोय मात्र नव्हती. क्लबचा शर्ट अंगात असताना कोचविरुद्ध एक शब्दही ऐकू आला तर नोकरी गेली समज, अशी मॅनेजरने ताकीद दिली होती. मग नाखवांनी तोड काढली. मॅचला मला सोबत न्यायचं, शेजारी बसवायचं आणि कोचला जे सुनावायचं ते माझ्याकडे तोंड करून मालवणीत सुनावायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोन गाववाले घरातल्या कसल्याशा भांडणात गुंतलेत.

मी कराडकडचा, बायको आणि मुलगा तिकडेच. नोकरी सलमाबादच्या एका गोदामात आणि मुक्काम माहूजच्या फ्लॅटमध्ये, नाखवांच्याच खोलीत. फुटबॉलमधलं मला गोल झाला एवढंच कळतं. तरी मॅच असली की हे इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे, "चल, यल्ला!" मग पूर्ण मॅचभर माझ्यावर तोफ डागलेली. "मेल्या, फुडे जा! कित्याक घाबरतंस?" हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. पुढच्या ओळीत एक म्हातारे बहरीनी बसायचे, सगळे त्यांना हाजी म्हणत. त्यांनी एकदा न राहवून मला विचारलं, "भाई, ये तुम पर इतना गुस्सा क्यों?" आणि थर्मासमधला चहा पुढे केला. त्यानंतर प्रत्येक मॅचला मला त्यांचा चहा मिळू लागला. शिव्यांची तेवढी एकच कमाई.

कोच कुठल्याशा थंड देशातला होता. उंच, सभ्य, हळू बोलणारा. तो वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर क्लबने त्याला केव्हाच नारळ दिला असता. आपली टीम एका गोलने पुढे गेली की हा गृहस्थ उठून दोन्ही हातांनी सगळ्यांना मागे बोलवायचा, आणि सगळे पोरगे आपल्याच गोलपाशी दाटीवाटीने उभे. शेवटी समोरचे एक गोल घालायचेच. बरोबरी. टीम खालच्या गटात होती, ती वर चढत नव्हती आणि तळालाही जात नव्हती. सीझन संपला की कोचचं कॉन्ट्रॅक्ट वाढायचं. "ह्यो होडी बुडवणा नाय नि काठाक लावणा नाय," नाखवा म्हणायचे. त्यांचं बालपण मालवणला बापाच्या होडीवर गेलेलं, त्यामुळे हे ते अगदी पोटतिडकीने म्हणत.

त्यात कोचला अमवाजच्या घरून आणायचं-सोडायचं काम यांच्याचकडे. तो मागे बसून "गुड इव्हनिंग, कॅप्टन" म्हणायचा आणि हे आरशात बघून "येस सर." सगळा रस्ता तोंडाला कुलूप. खोलीवर आल्यावर चप्पल काढायच्या आधी ते कुलूप उघडायचं, आणि मी अंथरुणावर उठून बसायचो. जाणार कुठे? खोली एकच होती.

मला सुरुवातीला हे सगळं गमतीचं वाटे. पण नाखवांनी गावी बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, एक शब्द देऊन ठेवला होता: टीम वरच्या गटात गेली की कायमचा घरी येतो. म्हणताना सहज म्हणून गेले असतील, पण मग त्यातच अडकले. टीम दरवर्षी थोडक्यात राहायची आणि यांचा व्हिसा पुन्हा रिन्यू व्हायचा. मुलीचं लग्नसुद्धा सुट्टीत जाऊन उरकून आले. एकदा फोन स्पीकरवर होता. वहिनी म्हणाल्या, "त्या कोचाक फोन दी. मीच बोलतंय त्याच्याशी." आम्ही खोलीतले सगळे हसलो. नाखवा हसले नाहीत.

मग एका सीझनची शेवटची मॅच आली. जिंकलो तर वरच्या गटात. आदल्या दिवशी नाखवांनी गावी न्यायच्या पेटीवरची धूळ पुसलेली मी पाहिली होती, त्यामुळे फुटबॉल न कळणारा मीसुद्धा देवाचं नाव घेत होतो. आपला गोल आधी झाला. हाजींनी मला मिठी मारली. आणि कोच उठला. दोन्ही हात मागे.

नाखवांनी या वेळी माझ्याकडे तोंड केलंच नाही. कठड्याशी धावत गेले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात हिंदीत ओरडले, "साब! आगे भेजो सबको! डरते क्यों हो?" कोचने वळून बघितलं. मॅनेजरनेही बघितलं. खेळाडू मागेच राहिले आणि थोड्या वेळाने बरोबरी झाली.

नोकरी गेली असं धरूनच ते कोचला अमवाजला सोडायला गेले. रात्री परतले. जेवताना म्हणाले, कोचने वाटेत विचारलं, कॅप्टन, काय ओरडलास? यांनी होतं तसं सांगितलं. कोच म्हणाला, हरलो तर मला घरी पाठवतील, आणि घरी आता माझं काय आहे ते मलाच माहीत नाही. मॅनेजरला काही सांगणार नाही, असंही म्हणाला.

"त्याका घराकच जावची भीती वाटता रे," नाखवा म्हणाले.

"आणि तुम्हाला?" मी विचारलं.

ते ताट उचलून मोरीवर गेले. त्यानंतर कित्येक दिवस माझ्याशी बोलले नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. मला करमेना. मग एके दिवशी कामावरून आलो तर पेटी भरलेली. व्हिसा कॅन्सल करायला सांगून आले होते. मी म्हटलं, "आणि टीम? कोचचं कॉन्ट्रॅक्ट तर वाढलं म्हणे."

"तो हयच रवतलो. मी कित्याक रवू?" विमानतळावर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि एकदाही मागे न बघता आत गेले.

त्यांची खाट आता दुसऱ्याला मिळाली आहे. कुणी ओढून नेत नाही तरी मी मॅचला जातो. कोच तोच, बरोबरी तीच. हाजी चहा देतात आणि विचारतात, "भाई गया?" मी म्हणतो, "खलास, गया." परवा टीम एका गोलने पुढे गेली, कोचचे दोन्ही हात मागे गेले, आणि मी चक्क हाजींकडे तोंड करून मराठीत ओरडलो. म्हातारा खो खो हसला.

मॅच झाली की नाखवांचा फोन येतो. मागे समुद्राचा आवाज असतो, वहिनी कुणाला तरी हाका मारत असतात. परवा स्कोअर विचारून झाल्यावर ते म्हणाले, "माझा जावंदे. तुझो झील दहावीक गेलो ना? तू कधी जातलस घराक?"

माझा व्हिसा गेल्याच महिन्यात रिन्यू झाला होता. मी हसत म्हणालो, "जाणार की. टीम वरच्या गटात गेली की."

पलीकडून नाखवा मैदानात ओरडायचे तसे ओरडले, "मेल्या, फुडे जा! कित्याक घाबरतंस?"