सूर्यास्त कोणी लिहिले

"बातमी पक्की आहे, आजच छापा," मराठीचे एक प्राध्यापक म्हणाले. नांदेडच्या आमच्या वर्तमानपत्राच्या ऑफिसात ते जुन्या कात्रणांची चळत घेऊन बसले होते.

प्रश्न लातूरच्या सुलोचनाबाईंचा होता. बाई निवृत्त अंगणवाडी सेविका. डाळ मिलमध्ये राबणाऱ्या बायकांवरची त्यांची कादंबरी मराठवाड्यात सगळीकडे वाचली जाते. ती बी.ए.ला लावायची की नाही, हे विद्यापीठाचं अभ्यासमंडळ त्याच आठवड्यात ठरवणार होतं. प्राध्यापकांच्या मते कादंबरी बाईंची नव्हतीच. ती त्यांच्या दिवंगत नवऱ्याची, हायस्कुलात मराठी शिकवणाऱ्या मास्तरांची होती.

त्यांची पद्धत शास्त्रशुद्ध होती. बाईंच्या सुरुवातीच्या कथा आमच्याच रविवार पुरवणीत आल्या होत्या. त्यातली जवळजवळ प्रत्येक कथा सूर्यास्ताने संपते. लाल आभाळ, घरट्याकडे निघालेली पाखरं. कादंबरीत मात्र एकही सूर्यास्त नाही.

"लेखकाची सवय अशी सुटत नसते. हे दोन वेगळे हात आहेत." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि अंगणवाडीतली बाई असं लिहील का, तुम्हीच सांगा."

वृत्तसंपादक दिगंबरराव शेजारच्या टेबलावरून ऐकत होते. ते मला म्हणाले, "लातूरला जा. बाईंची बाजू आल्याशिवाय एक ओळ लागणार नाही."

बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि हसल्या. "मास्तरनं लिव्हलं म्हणतेत? अहो, मास्तरला पाहुण्याला पोस्टकार्ड लिहायचं म्हणलं तरी ताप यायचा."

"मग मी तसं छापू?"

हसू गेलं. "छापा. बी.ए.ला नाही घेतलं तर नाही घेतलं. पण मिलमधल्या बायांनी त्यांच्या घरातलं मला सांगितलं, बाई समजून. मास्तरनं लिव्हलं म्हणलं की त्या म्हणणार, हिनं आमचं सगळं नवऱ्याला सांगितलं. त्यांना काय तोंड दाखवू मी?"

मी सूर्यास्तांचं विचारलं.

"ते तुमच्याच पेपरातले हायत. मी पाठवायची तव्हा नसायचे. छापून आलं की असायचे. मला वाटलं, पेपरची रीतच असंल."

"कधी विचारलं नाही?"

"कशाला? तुम्ही तर फुकटात देत होता."

परत आलो. येताना बरंचसं लक्षात आलं होतं. पुरवणीचं पान लावताना मजकूर कमी पडला, की कॉलमच्या तळाशी पांढरी जागा उरते. ती भरायचं काम उपसंपादकाचं. बातमीखाली सुविचार टाकून भागतं. कथेखाली तो बरा दिसत नाही.

दिगंबररावांना विचारलं, तेव्हा पुरवणी कोण बघायचं?

त्यांनी चष्मा काढला. "मीच."

"पण सूर्यास्तच का?"

"कुठल्याही कथेला चालतो. कुणाचं लग्न मोडावं लागत नाही, कुणाला मारावं लागत नाही. आणि पाहिजे तेवढ्या ओळी ओढता येतात."

"हे छापायचं?"

"छाप. माझ्या नावासकट."

मग त्यांनी स्वतः बाईंना फोन लावला. स्पीकर चालू होता. "बाई, तुमच्या कथांना मी शेपट्या लावल्या. माफ करा."

"माफी कशाची?" बाई म्हणाल्या. "मास्तरला माझ्या गोष्टीतलं तेवढंच आवडायचं."

दिगंबरराव खूश दिसले.

दुसऱ्या दिवशी सूर्यास्तांचा खुलासा छापून आला. त्याच आठवड्यात कादंबरी बी.ए.ला लागली. प्राध्यापकांनी शंका मागे घेतली. आता ती कादंबरी तेच शिकवतात, आणि चांगली शिकवतात असं मुलं सांगतात.

लेखकाबद्दल शंका घेऊन लोक अजूनही ऑफिसात येतात. मी पुरावा बघतोच. पण आधी विचारतो, लेखक काय काम करायचा हे माहीत नसतं, तर ही शंका तुम्हाला आली असती का? बरेच जण तेवढ्यावर चहा न घेता उठतात.