बिनकवाडाचं घर

आमच्या अकोल्याच्या घराला समोरचं दार नव्हतं. चौकट होती, उंबरा होता, वर कोरलेला गणपतीही होता, पण कवाड नव्हतं. ते वडिलांनी सुताराला बोलावून, स्वतः समोर उभं राहून काढवून घेतलं होतं. कारण वडिलांचा एक पक्ष होता आणि त्या पक्षाला बंद दारांचा राग होता.

काळ इंग्रजांचा. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला, मोठे हुकूम नागपुराहून यायचे आणि गावाचा कारभार म्युनिसिपल कमिटी करायची, दार लावून. आत काय ठरलं ते बाहेरच्याला कळायचं नाही. वडील वकील होते. त्यांनी आणि त्यांच्यासारख्याच पाच-सात हट्टी माणसांनी मिळून पक्ष काढला. मागणी एवढीच की कमिटीची बैठक लोकांसमोर व्हावी. दुसऱ्याला सांगायचं तर आधी आपण करावं, म्हणून सभासदानं आपल्या घराचं कवाड उतरवायचं, असं ठरलं. गाव आम्हाला 'बिनकवाडाचे' म्हणू लागलं. निवडणुकीत आमचा एकच माणूस निवडून आला आणि कमिटीत बसल्यावर त्यानंही गुपचूप आपलं कवाड परत लावून घेतलं.

आमचं कवाड मागच्या अंगणात दगडांवर आडवं पडलं होतं. आई उन्हाळ्यात त्यावर कुरडया वाळत घालायची. "तुमच्या पक्षाचा येवढा तरी उपयोग झाला," असं वडिलांना ऐकवायची. मला हसू यायचं, वडिलांना कधी आलं नाही. चांगल्या माणसाला विनोद कळला नाही की घरच्यांचे हाल होतात, हे माझं जुनं मत आहे.

पक्षाचा आणखी एक नियम होता. कारभाराबद्दल जे कानावर येईल ते बाजाराच्या दिवशी चौकात मोठ्यानं सांगायचं आणि ज्यानं सांगितलं त्याच्या नावासकट सांगायचं. बिननावाचं बोलणं म्हणजे चुगली, असं वडील म्हणायचे.

मामा आमच्याकडेच राहायचा. आईचा धाकटा भाऊ, मूळचा अमरावतीचा. आईवडील लवकर गेल्यामुळे आईनंच त्याला वाढवलेलं. कमिटीत विहिरींची देखरेख करायची त्याची नोकरी होती, त्यामुळे त्याच्या जोड्यांना कायम चिखल. घरात यायच्या आधी तो पायरीच्या दगडावर जोडे आपटायचा. दार नसल्यामुळे तो आवाज थेट चुलीपर्यंत यायचा आणि आई ताट वाढायला घ्यायची.

एकदा जेवताना त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, "भाऊजी, हे बाहेर बोलू नोका. जिनाच्या मांगच्या वस्तीत हैजा आला हाय. मानसं मरून राह्यले. हिरीत लाल दवा टाका म्हनून मी सांगतलं, तर कमिटी नाई म्हनते. हंगामाच्या तोंडावर मजूर पयून जातीन म्हनते."

हैजा म्हणजे पटकी, आणि लाल दवा म्हणजे विहिरीचं पाणी शुद्ध करायची पूड. कापसाचा हंगाम, जिनांचे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यांचे, भोंगे नुकते सुरू झालेले आणि मजूर त्याच विहिरीचं पाणी पीत होते.

आईनं भाकरी थापायची थांबवली. "आयकलं ना तुमी? यानं घरचं समजून सांगतलं. याचं नाव घेऊ नोका. झाकली मूठ सव्वा लाखाची."

वडील काही बोलले नाहीत. आईनं त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आमच्या घरात न बोलणं म्हणजे होच असायचं.

बाजाराच्या दिवशी वडील चौकात टेबलावर उभे राहिले आणि सगळं बोलले. वस्ती, विहीर, कमिटीचा नकार. आणि शेवटी मामाचं नाव, नोकरीच्या हुद्द्यासकट. मी भाजीची पिशवी घेऊन आईजवळ उभी होते. तिच्या हातातली वांगी परत पाटीत पडली. माळीण म्हणाली, "घ्या ना बाई, ताजे हायेत," आणि आई तशीच मागे वळून चालू लागली.

विहिरीत लाल दवा त्याच संध्याकाळी पडली. किती जीव वाचले कोण जाणे, पण वाचले. वडिलांनी चूक केली असं म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही, आणि बरोबर केलं असं म्हणायलाही वळत नाही.

मामाची नोकरी गेली. त्या दिवशी आईनं वडिलांना विचारलं, "हिरीचं सांगाचं व्हतं तर सांगाचं. त्याचं नाव काहून घेतलं?"

"नाव नसतं घेतलं तर कमिटीनं अफवा म्हटली असती."

"मंग सोताचं घ्याचं व्हतं."

वडिलांनी पटका बांधला आणि ते कचेरीला निघाले.

नोकरी जाण्यापेक्षा वाईट पुढंच होतं. मामा कुठं गेला की बोलणारे गप्प व्हायचे. पानाच्या दुकानात, देवळाच्या पायरीवर, अगदी आमच्या शेजारच्या ओट्यावरसुद्धा. "याच्यासमोर नोको रे बा, उद्या चौकात आयकू येईन," असं एकानं हसत म्हटलं आणि मामाही हसला. हसताना त्याचा चेहरा कसा झाला होता ते मला अजून दिसतं. ज्यांचे जीव वाचले तेही त्याला जवळ बसू देईनात, आणि काम तर कुणीच देईना. वडिलांच्या गळ्यात मात्र हार पडले.

एका दुपारी तो बोचकं घेऊन निघाला. "धामनगावले जातो, तिकडच्या जिनात काम पाहतो," म्हणाला. आईच्या पाया पडला. दार नव्हतं, म्हणून त्याच्यामागं लावायलाही काही नव्हतं. तो गल्लीच्या टोकापर्यंत दिसत राहिला.

धामणगावला तो पोचलाच नाही.

त्यानंतर ते घर बिघडलं. दिवेलागणीला आम्ही जेवायला बसलो की पायरीवर जोडे आपटल्याचा आवाज यायचा. मला वाटे, भास असेल. पण वडिलांचा घास थांबलेला असायचा. ते चौकटीकडे पाठ करून बसू लागले. सगळं लख्ख दिसलं पाहिजे म्हणणारा माणूस, आणि आपल्याच घराच्या दाराकडे बघेना! आई मात्र दिवा मुद्दाम उंबऱ्याजवळ ठेवायची आणि कुणाला तिथं बसू द्यायची नाही. भर दुपारी गरम वारा आत यायचा, भिंतीवरचा पंचांगाचा कागद हलायचा आणि मला वाटायचं, कुणीतरी आत येऊन उभं आहे आणि बोलायचं टाळतंय. मी भित्री नाही, पण त्या चौकटीतून एकटी कधी गेले नाही.

पावसाळ्याच्या सुरुवातीला बाळापूरचे चाचा आले. ते सतरंज्यांचे व्यापारी, पक्षाचे सभासद, उर्दू-मराठी दोन्ही गोड बोलणारे. एरवी ते आले की आधी मला हाक मारायचे. त्या दिवशी मारली नाही. पायरीवर उभ्याउभ्या ते वडिलांशी हळू आवाजात काही बोलले. आमच्या घरात हळू बोलायची मनाई होती, म्हणून मला नवल वाटलं. "पक्षाचं काम आहे," असं सांगून वडील त्यांच्या बैलांच्या दमणीत बसून बाळापूरला गेले.

परत आले ते मिशी नसलेले. डोक्यावरचा पटका कपाळापर्यंत ओढलेला, आणि पुढं कितीतरी दिवस त्यांनी तो घरातही काढला नाही. "न्हाव्याचा हात घसरला," म्हणाले. आईनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, न्हाणीत गेली आणि डोक्यावरून गार पाणी घेतलं. मला वाटलं, उकडत असेल.

पुढच्या अक्षय्य तृतीयेला आईनं पितरांच्या घागरीशेजारी एक लहान मडकं भरून उंबऱ्यापाशी ठेवलं. वडिलांनी ते पाहिलं आणि सतरंजीची दशी ओढत बसले. मी समजले, मामा उन्हातून येईल, त्याला तहान लागलेली असेल. मडकं दरवर्षी भरलं जाऊ लागलं.

पक्ष दोन निवडणुकांत विरून गेला. सगळ्या सभासदांनी आपापली कवाडं बसवून घेतली. वडिलांनीही एकदा सुताराला बोलावलं. आईनं त्याला पायरीवरूनच परत पाठवलं. "माहा भाऊ यायचा हाय," एवढंच म्हणाली. वडील खाली मान घालून आत गेले.

मी लग्न होऊन अमरावतीला आले. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा सेवेला गेले होते. एका दुपारी आई बाजारात असताना त्यांनी माझा हात धरला. आयुष्यभर चौकात गाजलेला आवाज, आणि तेव्हा मला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला. काम शोधत फिरता फिरता मामा उलट बाळापूरकडे पोचला होता आणि तिथल्या मुसाफिरांच्या सराईत पटकीनं गेला होता. चाचांनी ओळखलं. किल्ल्याखाली नदीकाठी वडिलांनीच त्याला अग्नी दिला होता, डोकं-मिशी उतरवून. "तिला सांगू नकोस," म्हणाले. "ती वाट पाहते, त्यावर जगते आहे."

मला त्यांचा संताप आला आणि दयाही आली. दोन्ही एकदम येतात तेव्हा माणूस नुसतं पांघरूण नीट करत बसतं. मी तेच केलं.

त्यांचे दिवस झाल्यावर मात्र मला राहवेना. आई दिवा लावून उंबऱ्याजवळ ठेवत होती. मी म्हटलं, "आई, मामा आता येणार नाही."

"मले मालूम हाय."

"केव्हापासून?"

"मिशी काढून आले त्या दिवशीपासून. बाईमानसाले येवढं समजत नाई का?"

"मग कवाड का लावू दिलं नाहीस? कुणाची वाट पाहत होतीस?"

आईनं दिव्याची वात पुढं सारली. "त्यायची. साऱ्या गावाले मोठ्यानं सांगनारा मानूस, घरात एकदा तरी सांगन म्हनून. त्यायनं सांगतलं असतं तर मले रडता आलं असतं."

दुसऱ्या दिवशी सुतार आला. कवाडावर कुरडयांचे पांढरे डाग तसेच होते. चौकट थोडी दबली होती, पण बसलं. आईनं स्वतः आतून कडी घातली, दाराला पाठ टेकून खाली बसली आणि भावाचं नाव घेऊन मोठ्यानं रडली.